शेजारी देशांची बोलणी का अडतात, हे पोरांना कसं समजवावं

भारत-पाकिस्तानची बोलणी फिसकटली की आमच्या यवतमाळकडच्या वाचनालयात पोरं विचारतात, "गुरुजी, बसून मिटवत का नाहीत?" तेव्हा नकाशा लगेच उघडू नका. आधी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, या.

दोन वावरं, मधला धुरा, आणि एकानं नांगराची दोन तासं पलीकडची घेतलेली. विचारा, आधी मागं कोण सरकेल? तंटामुक्ती समितीत मी वर्षानुवर्षं बसलो. "आज खुंटी कुठं आहे ते लिहा, मग सरकतो," असंच एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, "लिहिलं तर ते वावर त्याचंच झालं."

आता सियाचिनची हिमनदी दाखवा. 1949 च्या कराची करारात युद्धबंदी रेषा एनजे 9842 या बिंदूपर्यंत आखली. पुढं नुसतं लिहिलं, तिथून उत्तरेला हिमनद्यांपर्यंत. पोराचं बोट त्या बिंदूवर ठेवा आणि पुढची रेषा शोधायला सांगा. सापडत नाही. 1972 ची नियंत्रण रेषाही तिथंच थांबली. एप्रिल 1984 मध्ये भारतीय सैन्य सियाचिनच्या पश्चिमेच्या साल्तोरो डोंगररांगेच्या कड्यावर चढलं. 1989 च्या बोलण्यांत फौजा मागं घ्यायचा विषय निघाला, पण पुढं गाडी रुतली ती नोंदीवर. भारत म्हणतो, आज कोण कुठं उभं आहे ते आधी नकाशावर मांडून सह्या करा. पाकिस्तानला ती सही म्हणजे ताबा कबूल केल्यासारखी वाटते. इथं घाई करू नका. खुंटी पोरांनाच आठवू द्या.

मग थोडं थांबा. तिथं गोळीपेक्षा थंडीनं आणि हिमकड्यांनी जास्त माणसं नेली. 2012 मध्ये ग्यारीला पाकिस्तानची 140 माणसं बर्फाखाली गेली, 2016 मध्ये आपले 10 जवान. दोन्ही आकडे सांगा. मला तरी एकच सांगवत नाही.

बाकीचे अडथळे पटकन सांगून होतात. एक भरवशाचा: फेब्रुवारी 1999 ला लाहोर जाहीरनामा, मे महिन्यात कारगिल. दुसरा मधल्या माणसाचा: ताश्कंदला 1966 मध्ये सोव्हिएत संघ मध्यस्थ होता. सिमला करारानंतर भारताला मधला माणूस नको, पाकिस्तानला हवा.

एक जपा. कुणाच्या घरी धुऱ्याचा दावा चालू असेल तर पांदणीचं उदाहरण घ्या. मागच्या वर्षी मी विचारपूस केली नाही आणि एक पोरगी डोळे पुसत उठून गेली. आता आधी विचारतो.