तीन बाय तीनच्या स्टॉलमध्ये लिबरऑफिस

मी कोल्हापुरात डीटीपीचं काम करते. दिवसभर लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका. रात्री जेवणं आटोपली की तासभर वेबलेट या भाषांतराच्या संकेतस्थळावर लिबरऑफिसच्या मराठी ओळी. लिबरऑफिस म्हणजे पत्रं, तक्ते, सादरीकरणं करायचं मोफत आणि खुलं सॉफ्टवेअर. आमचा सात जणांचा गट आहे. नोंदणी नाही, ऑफिस नाही, बँकेत खातं नाही. तरीही पुण्याजवळ मोशीच्या प्रदर्शन केंद्रात, छपाई आणि ऑफिससामानाच्या व्यापारी प्रदर्शनात, आम्ही दोन वर्षं स्टॉल लावला. तुमचा असाच खुला प्रकल्प नकाशाचा असेल, फाँटचा असेल. हॉल तोच आणि येणारी माणसंही तीच. म्हणून जे जमलं आणि जे चुकलं ते सगळं सांगते.

पहिल्याच बैठकीत एक गोष्ट ठरवा: स्टॉलवर येणाऱ्या माणसाचं कुठलं काम आपण तिथल्या तिथे करून देणार? पहिल्या वर्षी आम्ही हे ठरवलंच नव्हतं. फ्लेक्सवर रायटर, कॅल्क, इम्प्रेस अशी लिबरऑफिसच्या भागांची नावं आणि सोयींची यादी छापली. लोक वाचायचे, मान हलवायचे आणि समोरच्या लॅमिनेशन मशिनकडे वळायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी साताऱ्याकडचे एक प्रेसवाले आले, खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि म्हणाले, "ताई, ही फाईल उघडते का बघा, पंधरा वर्षांपूर्वीची आहे." आम्ही खटपट करत असताना मागे पाच-सहा जण येऊन उभे राहिले. त्यातल्या दोघांच्या खिशात तसेच पेन ड्राइव्ह होते. पुढच्या वर्षी स्टँडीवर एकच ओळ छापली: "तुमची मराठी फाईल आणा, इथे उघडून बघा." बाकीची सगळी तयारी त्या ओळीतून निघाली.

जागेचं बुकिंग तीन-चार महिने आधी सुरू करा. आयोजकांचा फॉर्म कंपन्यांसाठी असतो. त्यात जीएसटी क्रमांक, कंपनीचा शिक्का, चेक कुणाच्या नावाचा, असं सगळं विचारतात. नोंदणी नसलेल्या गटाची गाडी इथेच अडते. आम्ही एका कॉलेजच्या संगणक विभागाला सोबत घेतलं. बिल कॉलेजच्या नावाने, पैसे आमच्या वर्गणीतून, आणि बदल्यात त्यांची चार मुलं स्टॉलवर. हे कागदावर लिहून घ्या, तोंडी ठेवू नका. सवलत फोनवर मागण्यापेक्षा पत्राने मागा, आणि पत्रात स्पष्ट लिहा की आम्ही काही विकत नाही. आम्हाला कडेची, स्वच्छतागृहाच्या वाटेवरची जागा अर्ध्या भाड्यात मिळाली. ती वाईट नव्हती. मधल्या रांगेत लोक घाईत असतात, तिथे जरा रेंगाळतात.

तीन मीटर बाय तीन मीटरच्या तयार स्टॉलमध्ये साधारणपणे तीन बाजूंच्या पांढऱ्या भिंती, एक टेबल, दोन खुर्च्या, दोन-तीन दिवे, एक प्लग पॉइंट आणि वर नावाची पट्टी मिळते. प्रत्येक जास्तीच्या वस्तूला भाडं पडतं, म्हणून फॉर्ममधली यादी बारकाईने वाचा. टेबल समोर आडवं टाकू नका. त्याने दुकानाचा गल्ला तयार होतो आणि माणूस बाहेरच उभा राहतो. टेबल बाजूच्या भिंतीला लावा आणि खुर्ची पाहुण्याला द्या. आपण उभं राहायचं. कीबोर्ड त्याच्या हातात गेला की तो दहा मिनिटं बसतो.

नावाच्या पट्टीबद्दल माझं ऐका. आम्ही फॉर्ममध्ये नाव टाइप करून पाठवलं आणि पट्टी आली "लबिरऑफसि". ज्या सॉफ्टवेअरला देवनागरीची मांडणी कळत नाही, ते पहिली वेलांटी आपल्या अक्षराच्या आधी न नेता मागेच ठेवते, आणि ती पुढच्या अक्षराची वाटू लागते. मराठीसाठी काम करणाऱ्यांच्या डोक्यावर तसली पाटी तीन दिवस राहिली असती, तर मला झोप आली नसती. रात्री नऊला सनबोर्डचा तुकडा कापून वर चिकटवला. तेव्हा मजकूर कधीही टाइप करून देऊ नका. अक्षरं आउटलाइन केलेली, म्हणजे अक्षरांचे चित्रासारखे आकार केलेली पीडीएफ द्या, आणि पट्टी लावायच्या आधी तिचा फोटो मागा. स्टँडीसाठीही हेच. आमची सहा फूट बाय तीन फुटांची होती, मुक्ता फाँटमध्ये. हा मुंबईच्या एक टाइपचा खुल्या परवान्याचा फाँट आहे, त्यामुळे छापा, वाटा, कुणाला विचारावं लागत नाही. महत्त्वाची ओळ वरच्या अर्ध्या भागात ठेवा, खालचा भाग माणसांनी झाकला जातो.

आता मशिनं. किमान दोन लॅपटॉप हवेत. एक लिनक्सवाला (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली), फक्त पाहुण्यांचे पेन ड्राइव्ह घेण्यासाठी. प्रेस आणि सायबर कॅफे फिरून आलेल्या ड्राइव्हमध्ये विंडोजचे व्हायरस हमखास असतात, ते लिनक्सवर चालत नाहीत. पण सगळं लिनक्सवरच दाखवू नका. पहिल्या वर्षी एका मुख्याध्यापकांचं एका पानाचं पत्र आमच्याकडे दोन पानांवर गेलं. पत्र मंगल फाँटमध्ये होतं, तो विंडोजचा, आमच्या लॅपटॉपवर नव्हता. दुसरा फाँट आला, ओळी लांबल्या आणि सही दुसऱ्या पानावर. सर म्हणाले, "म्हणजे बिघडतंच की." त्यांना फाँटचं कारण पटेपर्यंत ते निघून गेले होते. म्हणून तपासलेली फाईल दुसऱ्या, विंडोजच्या लॅपटॉपवर न्यायची आणि तिथे दाखवायची. इंग्रजी कॅलिब्रीच्या जागी मापाने तंतोतंत बसणारा कार्लिटो लिबरऑफिस स्वतः वापरतं, देवनागरीत मात्र फाँट आपणच बघायला लागतो.

जुन्या फाँटची फाईल हा सगळ्यात मोठा विषय. युनिकोड म्हणजे आज सगळ्या संगणकांवर आणि फोनवर चालणारा अक्षरांचा संकेत. त्याच्या आधीच्या फाँटच्या फाईलमध्ये साठवलेली असतात रोमन चिन्हं, त्यांवर देवनागरीचे आकार चढवलेले. फाँट नसला की पडद्यावर नुसता गोंधळ. इथे "हो हो, उघडेल" असं कुणी म्हणायचं नाही, हा आमचा कडक नियम आहे. खरं उत्तर असं: फाईल उघडेल, मजकूर वाचण्यासाठी तो फाँट लागेल, आणि युनिकोडमध्ये आणायला कन्व्हर्टर लागेल. नंतर पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतील, कारण जुन्या फाँटमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर. एक पान समोर बसून बदलून द्या. माणसाचा विश्वास तिथे बसतो. काम झाल्यावर त्याच्यासमोर त्याची फाईल पुसा आणि पुसली हे सांगा. त्यात कुणाच्या जमिनीचा करार असतो, कुणाची मार्कलिस्ट.

हॉलमधल्या इंटरनेटवर काहीही अवलंबून ठेवू नका. हजारो फोन एकाच टॉवरवर असतात. इन्स्टॉलर (विंडोजचा साधारण साडेतीनशे एमबीचा), मदतीची वेगळी फाईल, फाँट, कन्व्हर्टर, सगळं घरूनच घेऊन जा आणि इंटरनेट बंद करून एकदा पूर्ण रंगीत तालीम करा. रात्री हॉलची वीज बंद होते, त्यामुळे रात्रभर चार्जिंगचा विचार सोडा. लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड, जमिनीवरची वायर दाबायला रुंद चिकटपट्टी, कात्री, दुहेरी टेप, जाड मार्कर, पाण्याच्या बाटल्या. खरेदी एवढीच.

प्रश्न ठरलेले असतात, उत्तरं आधी सगळ्यांनी मिळून बसवा. "फुकट आहे म्हणजे नंतर पैसे मागणार ना?" हा पहिला. आमच्याकडे फुकट म्हटलं की लोक सावध होतात, आणि त्यांचं बरोबर आहे. त्यामुळे पाठोपाठ येतं, "मग हे चालवतं कोण?" इथे आमची मुलं उत्साहाने सांगायची की सगळं स्वयंसेवक करतात. ते खरं नाही. ओपनऑफिसपासून वेगळं होऊन २०१० मध्ये लिबरऑफिस सुरू झालं, त्यामागे बर्लिनची द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था आहे, ती देणग्यांवर चालते. बराचसा कोड पगारी प्रोग्रॅमर लिहितात. त्यांच्या कंपन्या मोठ्या ग्राहकांना सेवा विकतात. भाषांतर, चाचणी, मदतीचं लेखन यांत आमच्यासारखे लोक. हे असंच सांगितलं की व्यापारी माणसाला व्यवहार कळतो आणि शंका मिटते. "टॅली यात आहे का?" याला सरळ नाही म्हणा.

पाळ्या दोन-दोन तासांच्या लावा, प्रत्येक पाळीत तिघं: एक फाईल बघणारा, एक बोलणारा, एक मोकळा. मोकळा माणूस लागतोच, नाहीतर जेवण राहतं आणि चारनंतर आवाज चढतात. आमच्यातले निवृत्त गणिताचे सर बोलायला सगळ्यात चांगले निघाले. ते आधी समोरच्याला विचारायचे, "तुमच्याकडे काय काम चालतं?" आणि मग गप्प बसायचे.

वाटायला पेन, किल्ल्यांच्या साखळ्या छापू नका. आम्ही अर्ध्या ए-फोरची पावती दिली: फाईलमध्ये काय सापडलं, कुठला फाँट, पुढे काय करायचं, आणि आमच्यातल्या कोणाशी बोलायचं. दुसरी प्रत आमच्याकडे. तिच्यावर मदत हवी की नको, फोन केला तर चालेल का, हे त्यांच्याच हातचं. परतीच्या गाडीतच त्या प्रती आपसात वाटून घ्या. आठ दिवसांत फोन झाले नाहीत तर मग होत नाहीत, हे पहिल्या वर्षी कळलं. दुसऱ्या वर्षी प्रत्येकाच्या वाट्याला बाराएक आल्या. माझ्या वाट्याच्या एका पावतीवरचे इचलकरंजीचे प्रेसवाले दर शनिवारी संध्याकाळी दुकानात येतात. त्यांच्या वडिलांनी टाइप केलेल्या देवस्थानच्या कीर्तनांच्या एकशेदहा फाइली आहेत, त्यातल्या सत्तर युनिकोडमध्ये आल्या.