बस-ट्रेनमधल्या छेडछाडीविरुद्ध पोस्टर लावताय? मग या चुका टाळा

कॉलेजचा ग्रुप असो, महिला मंडळ असो नाहीतर परिवहनवाल्यांचं स्वतःचं ऑफिस, मोहीम ठरली की पोस्टर जवळपास ठरलेलंच असतं. एक घाबरलेली मुलगी, तिच्या दिशेने येणारे काळे हात आणि खाली 'सतर्क रहा, सुरक्षित रहा'. लावलं, फोटो काढले, ग्रुपवर टाकले, झालं. नंतर विचारतात की एवढं करूनही फरक का पडत नाही. अहो पडणार कसा, अख्ख्या पोस्टरमध्ये त्रास देणाऱ्याला एक शब्द सुनावलेला नाही आणि शेजारी उभं राहून बघणाऱ्यांना तर कोणी विचारलंच नाही. सगळा अभ्यास त्या मुलीनेच करायचा.

तर पहिली चूक हीच, चुकीच्या माणसाशी बोलणं. गर्दीत जाऊ नका, उशिरा प्रवास करू नका, बॅग पुढे धरा, हे बायकांना कोणी सांगायची गरज नाही, त्या ते शाळेत असल्यापासून करतायत. आणि पोस्टर फक्त लेडीज डब्यात लावलं तर ज्यांनी वाचायला हवं ते कधी वाचणार? मेक्सिको सिटीने २०१७ मध्ये यूएन विमेनसोबत (संयुक्त राष्ट्रांची महिलांसाठीची संस्था) एक प्रयोग केला होता, मेट्रोतल्या एका सीटला पुरुषाच्या नग्न शरीराचा आकार दिला आणि ती 'फक्त पुरुषांसाठी' ठेवली. बसायला अवघडच, आणि खाली लिहिलेलं की असं बसून प्रवास करणं त्रासाचं आहे पण बायका रोज जे सोसतात त्यापुढे काहीच नाही. काही पुरुष चिडले, चर्चा मात्र जगभर झाली. प्रत्येकाने असलंच काहीतरी करावं असं नाही (आपल्याकडे पहिल्याच दिवशी ती सीट फोडतील), पण बोलणं कोणाशी आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं.

दुसरी चूक म्हणजे 'गप्प बसू नका, आवाज उठवा, कानाखाली द्या'. ऐकायला भारी वाटतं. पण पाठीमागून हात लागतो तेव्हा पहिले काही सेकंद हे मुद्दाम होतं की गर्दीमुळे हेच ठरवण्यात जातात, आणि कित्येक जणींचं अंग अक्षरशः गोठतं, तोंडातून शब्द फुटत नाही. हा शरीराचा प्रतिसाद आहे, भित्रेपणा नाही. पोस्टरने शौर्याची अपेक्षा लावून ठेवली की ती घरी जाऊन स्वतःलाच दोष देते, आणि तक्रार द्यायला गेली तर समोरचा विचारतो 'तेव्हाच का नाही बोललात?'. त्यापेक्षा सरळ लिहा की तेव्हा बोलता आलं नाही तरी नंतर तक्रार करता येते. आणि काय लक्षात ठेवायचं तेही लिहा: गाडीचा किंवा डब्याचा नंबर, वेळ, कुठल्या दाराजवळ उभा होता, कपडे काय होते, कुठे उतरला. सीसीटीव्हीचं फुटेज कायमचं राहत नाही, त्यावर नवीन चढत जातं, म्हणून जमेल तितकं लवकर.

नंबर छापताना होणारा गोंधळ तर विचारूच नका. एकाच पोस्टरवर सात हेल्पलाइन, त्यातला एक बंद, एक दुसऱ्याच खात्याचा. छापायच्या आधी प्रत्येक नंबर स्वतः लावून बघा, दिवसा पण आणि रात्री पण. आपल्याकडे इमर्जन्सीला ११२ आणि रेल्वेला १३९, एवढे दोन मोठ्या अक्षरात पुरतात. अजून एक, तो माणूस अंगाला चिकटून उभा असताना कोणी फोन लावून मोठ्याने तक्रार सांगेल का? लंडनमध्ये म्हणूनच ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलिसांचा ६१०१६ हा मेसेज करायचा नंबर आहे, गुपचूप टाईप करायचं. टोकियो पोलिसांच्या डिजी पोलिस ॲपमध्ये तर स्क्रीनवरच मोठ्या अक्षरात 'इथे छेड काढणारा आहे, मदत करा' असं येतं, फोन फक्त शेजारच्याला दाखवायचा.

कायद्याची कलमं लिहिणार असाल तर निदान चालू कायद्याची लिहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तरी नवीन छापलेल्या बॅनरवर जुन्या आयपीसीचं (भारतीय दंड संहितेचं) ३५४ आणि ५०९ दिसतंच. आता विनयभंगासाठी ७४ (किमान एक वर्ष, कमाल पाच वर्षं), लैंगिक छळासाठी ७५, पाठलागासाठी ७८, घाणेरडे शब्द-हावभाव यासाठी ७९. आणि ही झिरो एफआयआरची ओळ वगळू नका, कारण चालत्या गाडीतली घटना नेमकी कुठल्या हद्दीत झाली यावरूनच लोकांना इकडून तिकडे पाठवतात. हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. मुलगा असो की मुलगी, वय अठराच्या आत असेल तर पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) लागतो, आणि हो, मुलग्यांनाही त्रास होतो, पोस्टरवर ते कुठेच नसतात.

आता बघणाऱ्यांचं. इथेच सगळ्यात जास्त काम बाकी आहे आणि इथेच मोहिमा 'मूक साक्षीदार बनू नका' एवढं बोलून मोकळ्या होतात. नका बनू, मग करू काय? बहुतेकांना मारामारी हाच एक पर्याय दिसतो आणि ती नको म्हणून ते खिडकीबाहेर बघतात. त्यांना सोपं काहीतरी द्या. त्या माणसाकडे न बघता सरळ मुलीशी बोलायचं, 'अगं तू इकडे कुठे? ये ना, इथे जागा आहे', ओळख असो नसो. किंवा 'हा स्टॉप कुठला आला हो?' म्हणत मध्ये घुसायचं. तेवढ्याने ती त्याच्यापासून लांब जाते आणि त्यालाही कळतं की कोणीतरी बघतंय. नाहीतर कंडक्टरला सांगायचं, नंतर तिला विचारायचं की तुम्ही ठीक आहात का, साक्षीदार म्हणून माझा नंबर देऊ का. व्हिडिओ काढला असेल तर तो तिला द्यायचा, तिला न विचारता अपलोड करायचा नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो माणूस राहतो बाजूला आणि हिचाच चेहरा सगळीकडे फिरतो. पब्लिकने धुलाई करणं हा उपाय म्हणून तर कधीच छापू नका. चुकीचा माणूस मार खातो, आणि बरोबर असला तरी त्या गोंधळात तिचा जबाब कोणी घेत नाही.

पोस्टर लावलं पण कंडक्टरला माहीतच नाही, हे फार होतं. मुलगी धीर करून त्याच्याकडे जाते आणि तो म्हणतो 'मॅडम, तुम्ही पुढे येऊन उभ्या रहा'. संपली मोहीम. आधी कंडक्टर, ड्रायव्हर, गार्ड, तिकीट खिडकीवाले यांना बसवून सांगा की कोणी आलं तर पहिलं वाक्य काय बोलायचं, गाडी कुठे थांबवायची, कोणाला कळवायचं. माझ्या मते बजेट कमी असेल तर पोस्टर निम्मी छापा पण हे करा.

आणि शेवटची चूक, मोहिमेनंतर तक्रारी वाढल्या की घाबरून जाणं. लंडनमध्ये पाहणीत दिसलं होतं की अशा घटनांपैकी जवळपास ९० टक्के घटना कोणी कळवतच नव्हतं. म्हणून २०१५ मध्ये 'रिपोर्ट इट टू स्टॉप इट' मोहीम आली आणि तक्रारी वाढल्या, वाढाव्यात हाच तर हेतू होता. आपल्याकडे आकडा वर गेला की साहेब म्हणतात 'तुमच्यामुळे बदनामी झाली', आणि पोस्टर खाली उतरतात. म्हणून सुरुवातीच्या मीटिंगमध्येच साहेबांना आणि पेपरवाल्यांना लेखी सांगून ठेवा की पहिले काही महिने आकडा वर जाणार आहे, आणि त्यासोबत किती तक्रारींवर पुढे काय झालं हा दुसरा आकडाही दर महिन्याला मागा.