मॅडमला वर्षाच्या शेवटी काय द्यायचं? आधी त्यांची गाडी पहा

मार्च लागला की पालकांच्या ग्रुपवर तो मेसेज येतोच, "टीचरसाठी सगळे मिळून काही करायचं का?" आणि मग चार दिवस ग्रुपवर दुसरं काही चालत नाही. मी यात सहा वर्षांपासून आहे. दोन पोट्टे, दोन वेगळ्या शाळा, एक सीबीएसई एक स्टेट बोर्ड, आणि वरून माझी मोठी नणंद २२ वर्षांपासून शाळेत शिकवते, म्हणजे देणाऱ्याची बाजू पण माहीत आणि घेणाऱ्याची पण. दरवर्षी कोणी ना कोणी विचारूनच राहते तर म्हटलं एकदाचं लिहूनच टाकते.

रिझल्टच्या दिवशी ही नणंद, म्हणजे आमची ताई, घरी येते ते दृश्य पाहण्यासारखं असते. दुपारचा एक, बाहेर नागपूरचं ४२ डिग्री ऊन, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, अ‍ॅक्टिव्हाच्या पायाशी तीन पिशव्या, हुकला दोन, डिक्कीत शाळेचे कागद, आणि कोणीतरी दिलेली काचेची फोटोफ्रेम दोन गुडघ्यांच्या मध्ये धरलेली. ब्रेक मारला की फ्रेम वाचवायची का स्वतःला असा प्रश्न. मागच्या दिवाळीच्या सफाईत आम्ही माळ्यावरचे कॉफीचे मग मोजले, १९ निघाले, त्यातले ११ बेस्ट टीचरवाले, आणि ताई चहा पिते कपबशीत.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की दुकानात शिरायच्या आधी दोन गोष्टींचा विचार करा, मॅडम हे घरी कसं नेतील आणि नेल्यावर त्याचं काय करतील. अर्ध्या वस्तू तिथेच गळून पडतात.

आधी शाळेचं सर्क्युलर किंवा डायरी पाहून घ्या. बऱ्याच शाळा स्पष्ट लिहितात की टीचरला गिफ्ट देऊ नका. लिहिलं असेल तर देऊ नका, विषय संपला, गुपचूप पार्किंगमध्ये पिशवी सरकवणं वगैरे करू नका, त्यात त्यांचीच फजिती होते. सरकारी नोकरांना तर भेटी घेण्यावर १९७९ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे बंधनं आहेत, झेडपी आणि महापालिकेच्या शाळेतल्या शिक्षकांच्या मागे पण असे नियम असतातच, म्हणून तिथे पत्र, फूल, फार तर पेढा, यापुढे जाऊच नये. आणि रोख पैसे कुठल्याच शाळेत नाही. पाकिटात ५०१ घालून देणारे पण पाहिले मी, बाप्पा, लग्न आहे का ते!

आता कधी द्यायचं. माझं मत पक्कं आहे, रिझल्ट हातात आल्यावरच. पेपर तपासणं चालू असताना दिलेली वस्तू किती का छोटी असेना, मॅडमला अवघड होते आणि बाकीच्या पालकांना बोलायला विषय मिळतो. सीबीएसईवाल्यांचा रिझल्ट मार्चच्या शेवटी लागतो आणि एप्रिलमध्ये लगेच पुढचा वर्ग सुरू होते, म्हणजे मॅडम शाळेतच भेटतात, घाई नाही. स्टेट बोर्डवाल्यांचं वेगळं, त्यांच्याकडे १ मे च्या आसपास रिझल्ट आणि मग थेट सुट्ट्या, आणि आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा उघडते जूनच्या शेवटच्या आठवड्यात. तो एक दिवस चुकला की गेलं. त्यातही सकाळी जाऊ नका, तेव्हा ४० पालकांची लाईन असते, कोणाला मार्क कमी पडले म्हणून आवाज चढलेला असतो, मॅडमचं डोकं जागेवर नसते. शेवटच्या अर्ध्या तासात जा. पोराला सोबत न्या आणि त्याच्याच हातून द्या, तुम्ही मागे उभे राहा, आणि फोटो काढायचा आग्रह करू नका. फोटो ग्रुपवर टाकायचा तर अजिबातच नाही.

पैसे गोळा करण्याचं प्रकरण मात्र नीट सांगते कारण भांडणं इथेच होतात. माझ्या मोठ्याच्या वर्गात, शाळेचं नाव जाऊ द्या, एका वर्षी ठरलं की ४२ मुलं, प्रत्येकी ३००, चांदीचं नाणं देऊ. १२,६०० रुपये! वर्षभरात एकदाही ग्रुपवर न बोललेले लोक त्या दिवशी बोलले. मग ज्या बाई पैसे जमा करून राहिल्या होत्या त्यांनी रोज रात्री यादी टाकायला सुरुवात केली, दिलेल्यांपुढे हिरवी टिक आणि न दिलेल्यांपुढे लाल फुली. एका मुलाच्या वडिलांचं काम सुटलेलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. त्यांनी तीन दिवसांनी पैसे पाठवले आणि ग्रुप सोडला. मला अजूनही ते आठवलं की कसंतरीच वाटते, कारण मी पण ती यादी पाहून गप्पच बसली होती.

तेव्हापासून आमच्याकडे पद्धत अशी, की एकच जण पैसे घेणार, ५० रुपये, ज्याला द्यायचे त्याने द्यावे आणि कोणी विचारणार नाही. मेसेज पण एकदाच, साधारण असा: "मॅडमसाठी छोटी भेट घेतोय, ज्यांना जमेल त्यांनी शुक्रवारपर्यंत ५० रुपये या नंबरवर टाका, कार्डवर नावं सगळ्या मुलांची राहतील." शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, ते खाऊ नका. ४२ पैकी ३० जणांनी दिले तर १५०० होतात आणि तेवढ्यात भल्लं होते. यादी फक्त जमा करणाऱ्याजवळ. हिशोब शेवटी एका ओळीत, इतके जमा, इतके खर्च, बिलाचा फोटो. उरले शंभर-दीडशे तर ते शाळेत काम करणाऱ्या मौशींच्या पाकिटात टाका, परत वाटत बसू नका.

वस्तू कोणती, यावर माझी आवडनिवड सांगते, पटलं तर घ्या.

माझा एक नंबर म्हणजे सुती स्टोल, खादीचा असेल तर अजूनच चांगला. नागपुरात एप्रिल-मे मध्ये गाडी चालवणारी प्रत्येक बाई तोंडाला काही ना काही बांधतेच, आणि चांगला मोठा, घाम पिणारा, रंग न जाणारा सुती कपडा सहसा आपण स्वतःसाठी घेत नाही, जुन्या ड्रेसच्या ओढणीवरच भागवतो. खादी भांडारात नाही तर गांधीबागेच्या, बर्डीच्या बाजारात आपल्या बजेटमध्ये बसेल असा मिळून जातो. फक्त हात लावून पहा, त्यात पॉलिस्टर असेल तर उन्हात बांधवत नाही. लांबीला दोन मीटर तरी पाहिजे नाहीतर डोकं झाकलं की तोंड उघडं राहते. सर असतील तर मोठा सुती दुपट्टा, आपल्याकडे माणसं पण बांधतातच नं. ताईला एका वर्षी असा फिक्कट निळा स्टोल आला होता आणि तिने तो शाळेच्या गेटवरच पिशवीतून काढून बांधला. ओझं नाही, जागा नाही, त्याच दिवसापासून कामाला.

दुसरा नंबर ऐकून हसाल. हळद आणि तिखट. माझ्या सासूबाई पण म्हणाल्या होत्या, "मिरची कोणी गिफ्ट देते का वं?" पण विचार करा, मार्च-एप्रिल म्हणजे वर्षभराचं तिखट-हळद भरायचे दिवस, आणि ज्या बाईने महिनाभर पेपर तपासले तिला मिरच्या वाळवून, देठं खुडून, चक्कीवर रांगेत उभं राहायला वेळ कुठून मिळाला असेल. आपल्याच जिल्ह्यातली भिवापूरची मिरची आणि वर्ध्याकडची वायगावची हळद, दोन्हींना जीआय टॅग (त्या गावच्या मालाची सरकारी ओळख) आहे, अर्धा-अर्धा किलो घ्या, ओळखीच्या चक्कीवरून दळून काचेच्या नव्हे, स्टीलच्या डब्यात भरा (काच आणि अ‍ॅक्टिव्हा, वर सांगितलंच), डब्यावर कागद चिकटवून काय आहे ते लिहा. ज्या मॅडमला आम्ही हे दिलं त्यांनी जूनमध्ये मला गेटवर थांबवून चक्कीचा पत्ता विचारला. मगचा पत्ता कोणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

खाण्याचं द्यायचं असेल तर संत्री विसरू नका. लोकांना वाटते संत्री म्हणजे हिवाळाच, पण आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्यातलं पीक, संपल्यावर मृग बहाराची, म्हणजे दुसऱ्या हंगामाची, संत्री फेब्रुवारी ते एप्रिल येतात आणि गोडीला ती बरेचदा सरसच निघतात. मार्चमध्ये रिझल्ट असेल तर डझनभर चांगली निवडून टोपलीत नाही, कापडी पिशवीत द्या. टोपली गाडीवर बसत नाही. संत्रा बर्फी पण छान, पण एक लक्षात घ्या, त्या दिवशी अर्धा वर्ग मिठाईच देतो. ताईकडे एकदा सहा डबे जमले, सगळे संत्रा बर्फीचे, शेजारीपाजारी वाटून पण संपेनात. चॉकलेट देऊ नका, या गावात तर नाहीच. माझ्या धाकट्याने हट्टाने घेतलेला डबा दप्तरात सकाळपासून होता, दुपारी उघडला तर आत एकच मोठं चॉकलेट होतं.

झाड ही फॅशन आहे सध्या, आणि मीच एकदा पीस लिलीची कुंडी दिली होती मोठ्या कौतुकाने. मॅडम मे महिन्यात माहेरी गेल्या, पारा गेला ४५ च्या वर, जूनमध्ये विचारलं तर म्हणाल्या "हो हो, आहे नं, छान आहे," आणि नजर दुसरीकडे. मी बिचाऱ्यांना खोटं बोलायला लावलं. द्यायचंच असेल तर जुलैमध्ये गुरुपौर्णिमेला द्या, पाऊस पडलेला असते, कोणतंही झाड जगते.

साडी, परफ्युम, देवाची मूर्ती, पर्स, या चारही गोष्टी माझ्या मते सोडाव्या. साडीचा रंग जमत नाही, वास डोक्यात जातो, मूर्ती कुठे ठेवायची कळत नाही आणि देऊन टाकायला मन धजत नाही. भंडाऱ्याकडची करवती काठाची टसर साडी असेल तर मी स्वतः नाही म्हणणार नाही, पण ते गिफ्ट नाही, तो आहेर झाला.

आणि आता पत्र. याला मी वेळ देते, बाकी सगळं राहिलं तरी चालते. पण पोराला नुसतं "मॅडमला पत्र लिही" म्हटलं तर ते लिहिते "तुम्ही खूप छान शिकवता, थँक्यू," आणि असे ४० कागद एकसारखे. लिहायला बसवायच्या आधी दहा मिनिटं गप्पा करा. मी धाकट्याला, तेव्हा तो दुसरीत, विचारलं मॅडमचं काय आवडते, तर म्हणे "सगळं." मग विचारलं, मॅडमने कधी फक्त तुझ्यासाठी काही केलं का? थोडा वेळ पेन्सिल चावली आणि मग निघालं, की त्याच्या डब्याचं झाकण घट्ट बसायचं आणि मॅडम रोज मधल्या सुट्टीत स्टीलच्या पट्टीने ते उचकवून द्यायच्या. मला वर्षभर पत्ता नाही! मी इकडे रोज झाकण दाबून दाबून लावून राहिली होती. त्याने लिहिलं, "मॅडम तुम्ही रोज माझा डबा पट्टिने उघडुन दिला. आता मला येते. तिसरीत मी दुसऱ्याचा उघडुन देइन." बस, एवढंच. वेलांटी-उकार चुकलेले तसेच राहू दिले, तुम्ही पण राहू द्या, दुरुस्त केलं की ते तुमचं पत्र होते. मॅडमने तिथेच उभ्या उभ्या वाचलं आणि टेबलवरची पट्टी उचलून त्याला दाखवली.

खाली पालक म्हणून दोन ओळी तुमच्या पण लिहा, आणि त्यात पण एक तरी नेमकी गोष्ट असू द्या, अमुक महिन्यात पोरगं वाचायला लागलं, आजारी होतं तेव्हा वह्या पाठवल्या, असं काहीही. ताईची अशी पत्रं एलआयसीच्या पॉलिसीच्या फाईलमध्ये आहेत. ते १९ मग माळ्यावर, पत्रं कपाटात.

वरच्या वर्गात सात-आठ टीचर असतात, तिथे प्रत्येकाला वस्तू घ्यायच्या भानगडीत पडू नका. क्लास टीचरला एक वस्तू, बाकीच्यांना एकेक चिठ्ठी, आणि गणिताच्या सरांइतकीच पीटीच्या सरांना पण, त्यांना कोणीच काही देत नाही. सगळ्या वर्गाकडून द्यायचं असेल तर वर्गाच्या कपाटासाठी तीन-चार गोष्टीची पुस्तकं हा पण चांगला मार्ग आहे. ते मॅडमना घरी न्यायचं पण नसते.

मौशी, गेटवरचे काका, व्हॅनवाले दादा, यांना मात्र वस्तू शोधत बसू नका. नर्सरीतल्या पोट्ट्यांची चड्डी बदलणारी मौशी आहे ती, तिला पाकिटात पैसे दिलेले चालतात, फक्त शाळेच्या ऑफिसात आधी विचारून घ्या. व्हॅनवाल्या दादांचं मे महिन्याचं भाडं देता का कापता, तेही तेव्हाच बोलून घ्या. महिना कापून वर पेढ्याचा डबा हातात ठेवला तर तो डबा त्यांना कसा लागेल, तुम्हीच पहा.