डीव्हीडी ड्राइव्ह मेलाय म्हणायच्या आधी एवढं बघा

हार्डवेअरच्या कामात नवीन आलेल्यांना वाटतं सीडी ड्राइव्ह आता कोण वापरतंय. येतात हो, अजून येतात. कुणाकडे लग्नाच्या सीड्या असतात, कुणाचं विंडोज एक्सपीवरचं जुनं सॉफ्टवेअर सीडी आत असल्याशिवाय उघडतच नाही, वर्कशॉपमध्ये मशीनला जोडलेला पीसी असतो ज्याला हात लावायची मालकाची हिंमत नसते. मी इथं पट्टा केबलवाल्या आयडीई ड्राइव्हबद्दलच बोलतोय, नंतर आलेल्या बारीक केबलच्या साटावर निम्मी डोकेदुखी नसतेच.

जम्पर (ड्राइव्हच्या मागच्या पिनांवरची छोटी टोपी), मास्टर-स्लेव्ह (एकाच केबलवरचा पहिला आणि दुसरा ड्राइव्ह) तुम्हाला माहीत असणार, त्यामुळे पटकन. एका केबलवर एक ड्राइव्ह मास्टरवर आणि दुसरा केबल सिलेक्टवर (मास्टर कोण ते केबलवरच्या जागेवरून ठरतं) असली खिचडी करू नका. 80 तारांच्या केबलचं निळं टोक मदरबोर्डात, काळं टोक मास्टरला, मधलं करडं स्लेव्हला. लाल कड ड्राइव्हच्या पॉवर सॉकेटच्या बाजूला. आणि स्क्रू! हार्ड डिस्कचा स्क्रू जाड आट्यांचा असतो, ऑप्टिकल ड्राइव्हला बारीक आट्यांचा एम3 लागतो. जाडा स्क्रू जोर लावून पिळला की आटे गेले म्हणून समजा, मग ड्राइव्ह कॅबिनेटमध्ये खडखडत बसतो.

आता मेन गोष्ट, कारण ह्या एका प्रकरणाने मला इतका छळलाय की अजून आठवलं की डोकं फिरतं. तक्रार अशी येते की ड्राइव्ह चालतो पण फार स्लो, डीव्हीडी अडकत अडकत चालते, कॉपी करताना माऊससुद्धा हलत नाही, राइट करायला घेतलं की डिस्क वाया. तुम्ही लेन्स पुसता, केबल बदलता, शेवटी दुसरा ड्राइव्ह लावता आणि तोसुद्धा तसाच! इथं माणूस बोर्ड गेला म्हणून मोकळा होतो. बोर्ड गेलेला नसतो, चॅनल, म्हणजे ती केबल बोर्डाला जिथं जोडते ती लाइन, पीआयओ नावाच्या जुन्या स्लो मोडमध्ये गेलेला असतो.

होतं काय, तर एक्सपी त्या चॅनलवरचे टाइमआउट (ड्राइव्हने वेळेत उत्तर न देणं) आणि सीआरसी एरर (वाटेत डेटा बिघडणं) मोजत बसतो. असे एकूण 6 झाले की तो स्पीडचा मोड एक पायरी खाली आणतो, एरर येतच राहिले तर आणखी खाली, असं करत करत पार पीआयओपर्यंत. आणि हे सहा एकाच दिवशी यायला पाहिजेत असं नाही, ते साठत जातात. ओरखडे पडलेली एखादी सीडी पोरांनी दहादा घालून बघितली, किंवा पीसी स्टँडबायमधून उठताना ड्राइव्ह उशिरा जागा झाला, एवढं पुरतं. डीएमए ह्या वेगवान मोडमध्ये डेटा सरळ मेमरीत जातो, पीआयओमध्ये तोच डेटा प्रोसेसरला स्वतः उचलून न्यावा लागतो, म्हणून माऊस अडकतो. टास्क मॅनेजरमध्ये शो कर्नल टाइम्स चालू करून कॉपी लावा, लाल रेघ वर चढलेली दिसली की शंका घ्या. आकड्यांत बघायचं तर डीव्हीडीचा 1एक्स म्हणजे सेकंदाला साधारण 1.35 एमबी, त्यामुळे 16एक्सला 21-22 एमबी लागतात, आणि पीआयओ मोड 4 कागदावरच 16.6 देतो, प्रत्यक्षात त्याहून कमी.

बघायचं कुठं? डिव्हाइस मॅनेजर, आयडीई कंट्रोलर्स, सेकंडरी आयडीई चॅनल, अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज. इथंच फसतात सगळे. वरच्या खान्यात 'डीएमए इफ अव्हेलेबल' लिहिलेलं असतं, ते बघून माणूस खूश होऊन विंडो बंद करतो. ते फक्त तुम्ही काय मागितलंय ते आहे. मिळालंय काय ते खालच्या 'करंट ट्रान्सफर मोड'मध्ये असतं. तिथं पीआयओ दिसलं तर ते चॅनलच अनइन्स्टॉल करा, ड्राइव्ह नाही, चॅनल, परत सांगतो चॅनल, आणि रीस्टार्ट करा. विंडोज नव्याने शोधतो, मोजणी पुन्हा शून्यापासून, एखाद्या मशीनला दोनदा रीस्टार्ट लागतो. घाबरू नका, ह्यात डेटा जात नाही. पण महिन्याभरात परत पीआयओवर आलं तर केबल टाकून द्या, एरर कुठूनतरी येतायत.

मला हे शिकवायला पाहिजे होतं ते उस्ताद 'ड्राइव्ह बदल, वेळ घालवू नकोस' एवढंच सांगायचे. दुकानाचा वेळ वाचतो, मान्य, पण पोरगं काही शिकत नाही. नेहमी विचारा की बदललं तर नेमकं काय बदललं.

ड्राइव्ह गायबच झाला, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आलं, कोड 39 किंवा 31, आणि नुकतंच कुठलंतरी बर्निंग सॉफ्टवेअर काढलंय? मग रजिस्ट्रीत (विंडोजची सेटिंग्ज जिथं साठतात तिथं) सीडी-रॉम क्लासच्या की मध्ये, जी 4डी36ई965 ने सुरू होते तीच, अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स ह्या नोंदी उडवा. आधी बॅकअप. शेजारची की जवळपास सारखीच दिसते आणि हार्ड डिस्कची असते, तिथं चुकलात तर विंडोज उठणारच नाही. हे मी भीती घालायला नाही सांगत, खरंच उठत नाही.

सीडी वाचतो पण डीव्हीडी नाही, किंवा उलटं, तर केबलचा संबंध नाही. सीडीचा लेझर 780 नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा 650 चा, त्यातला एक थकलाय. आधी लेन्स पुसून बघा, इअरबडला आयसोप्रोपिल लावून, अगदी अलगद, लेन्स बारीक तारांवर तरंगत असते. ब्रशवाल्या क्लीनर सीड्या मला अजिबात पटत नाहीत. आणि पिकअपवरचा (लेन्स-लेझरच्या भागावरचा) छोटा पॉट, म्हणजे स्क्रूसारखा फिरणारा रेझिस्टर, फिरवून लेझरची पॉवर वाढवायची जी आयडिया सगळे सांगतात, ती चार दिवस चालते आणि मग लेझर कायमचा जातो. गिऱ्हाइकाच्या ड्राइव्हवर तर नकोच. झाकण उघडं ठेवून ड्राइव्हला पॉवर देऊ नका, राइटरचा लेझर डोळ्याला गंमत नाही.

ट्रे उघडत नाही, आतून नुसता घुर्र आवाज येतो, तर बहुतेक वेळा रबरी बेल्ट सैल झालाय. पॉवर बंद करून समोरच्या बारीक भोकात पेपर क्लिप सरळ करून घाला, ट्रे बाहेर येतो. बेल्ट गरम पाण्यात टाकला की थोडा आवळतो, पण तो जुगाड आहे, नवीन बेल्टच टाका आणि पुली स्पिरिटने पुसा. ऑडिओ सीडी मुकी असेल तर मागची चार पिनांची बारीक वायर साउंड कार्डला लावलेली नसते, एक्सपीत ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सीडी ऑडिओची टिक केली तरी चालतं.

परदेशातून आणलेली पिक्चरची डीव्हीडी चालत नाही म्हणून कुणी आलं तर रीजन बघा, म्हणजे ती डीव्हीडी जगाच्या कुठल्या भागासाठी आहे तो नंबर. भारत 5 मध्ये येतो, ड्राइव्हचा रीजन फक्त 5 वेळा बदलता येतो आणि मग तो लॉक होतो, विंडोज फॉरमॅट करूनही सुटत नाही. त्यामुळे बदलायच्या आधी किती वेळा उरलेत ते गिऱ्हाइकाला स्क्रीनवर दाखवा, आणि हो म्हणाला तरच बटण दाबा.