पार्टिमेंटो शिकायचंय? आधी ध-प-म-ग वाजवा

पियानोच्या ग्रेड परीक्षा झाल्यात, थिअरीच्या पेपरात कॉर्डखाली रोमन आकडे बरोब्बर लिहिता येतात, पण समोरचा कागद काढून घेतला की स्वतःच्या मनाने चार बारसुद्धा वाजवता येत नाहीत, अशा मंडळींसाठी हे लिहितोय, मी पण त्यातलाच. आणि हार्मोनियमवरनं कीबोर्डवर आला असाल तर नक्की वाचा, तुमचं अर्धं काम आधीच झालेलं आहे.

१८व्या शतकात नेपल्समधे ज्या कॉन्झर्वेटरी होत्या त्या मुळात अनाथ-गरीब मुलांचे आश्रम. संगीत शिकवायचे ते पोटापाण्याला लागावं म्हणून, म्हणजे चर्चने किंवा ऑपेरावाल्यांनी मागितलं की झटपट तयार करून देता आलं पाहिजे. त्यामुळे शिक्षण हाताचं आणि गळ्याचं. आधी गाणं, म्हणजे सॉल्फेज्जो, मग पार्टिमेंटो. पार्टिमेंटो म्हणजे फक्त बेसची एक ओळ लिहून दिलेली, कधी वर कॉर्ड सुचवणारे आकडे असतात कधी तेही नाहीत, आणि वरचं सगळं पोराने वाजवता वाजवता रचायचं. पेर्गोलेसी, पाइसिएल्लो ही संगीतकार मंडळी असंच शिकून पुढे आली, फ्रांचेस्को दुरान्ते (१६८४–१७५५) हा तिथला मोठा मास्तर. चार्ल्स बर्नी हा इंग्रज १७७० मधे तिथल्या सान्त ओनोफ्रिओ कॉन्झर्वेटरीत गेला तर एकाच खोलीत सात-आठ हार्प्सिकॉर्ड (पियानोच्या आधीचं कीबोर्ड वाद्य), शिवाय व्हायोलिनं आणि गाणारे, सगळे वेगवेगळ्या पट्टीत वेगवेगळं वाजवतायत, आणि पोरं बसलीयेत कुठे तर झोपायच्या पलंगांवर. त्यामुळे घरात टीव्ही चालू आहे म्हणून रियाज होत नाही ही सबब जरा बाजूला ठेवा 😄

आता मुद्द्याचं. त्या काळचं संगीत बऱ्याच अंशी ठरलेल्या तुकड्यांचं बनलेलं असायचं, बेसची एक ठरावीक चाल आणि तिच्यावर सुरावटीची ठरावीक चाल. रॉबर्ट जर्डिंगन या अमेरिकन अभ्यासकाच्या २००७ च्या पुस्तकापासून याची चर्चा पुन्हा जोरात सुरू झाली. त्यातला सगळ्यात कामाचा तुकडा प्रिनर. आपल्या सरगममधे सांगतो: वर ध-प-म-ग, खाली बेस म-ग-रे-सा. झालं. सी मेजरमधे सी म्हणजे सा धरा आणि दोन्ही हात एकत्र वाजवून बघा, ऐकल्यासारखं वाटेल कारण ऐकलेलंच आहे. मोझार्टची ती सगळ्यांच्या क्लासमधे वाजणारी सी मेजर सोनाटा (कोखेल ५४५, १७८८ ची) घ्या, पाचव्या बारपासून उजव्या हाताला पळत्या स्केल सुरू होतात ना, त्या प्रत्येक बारची पहिली नोट बघा: ए, जी, एफ, इ. म्हणजेच ध-प-म-ग! एवढी धावाधाव, पण सांगाडा चार सुरांचा.

इथेच सरगमवाल्यांना फायदा आहे. सा हलवायची सवय असल्यामुळे एकदा ध-प-म-ग डोक्यात बसलं की जी मेजर, बी फ्लॅट मेजर सगळीकडे तेच, फक्त बोटं बदलतात. स्टाफ नोटेशनवर वाढलेल्या मुलांना हे पट्टी बदलणं जड जातं असं मी पाहिलंय.

दुसरी गोष्ट, आणि ही टाळू नका, रूल ऑफ द ऑक्टेव्ह. बेस सा पासून वरच्या सा पर्यंत चढतो आणि उतरतो, प्रत्येक पायरीवर कुठली कॉर्ड घ्यायची ते ठरलेलं. सुरवातीला पाठांतर वाटतं आणि कंटाळाही येतो, पण त्यात एक जागा अशी आहे की आपल्याला लगेच पटते. बेस चढताना ध वर आला की वर शुद्ध म (आणि सा). तोच बेस उतरताना ध वर आला की वर तीव्र म, सोबत रे आणि सा, कारण आता खाली प वर जायचंय आणि तीव्र म तिकडे ओढतो. सूर तोच, कॉर्ड वेगळी, कारण कुठून कुठे चाललाय ते महत्त्वाचं. आरोह-अवरोह वेगळे असू शकतात हे ज्याला लहानपणापासून माहितीये त्याला हे समजवायला लागत नाही. रोमन आकड्यांच्या थिअरीत मला हे कधीच असं दिसलं नव्हतं, तिथे कॉर्ड म्हणजे एक सुटा ठोकळा.

मग जोडायला लागा. सा-रे-ग अशी वर चढणारी सुरवात, लगेच प्रिनर, मग कॅडन्स (ओळ संपवणारा ठरलेला शेवट), एवढ्यावर एका मिन्युएटचा (तीन मात्रांच्या छोट्या नृत्यरचनेचा) पहिला भाग उभा राहतो. दुसऱ्या भागाच्या सुरवातीला फोन्ते नावाचा तुकडा टाका: बेस कोमल रे-रे, वर प-म, मग तेच एक पायरी खाली, बेस नी-सा, वर म-ग. आधी मायनर मग मेजर, ढग येऊन गेल्यासारखं. त्या काळच्या कितीतरी मिन्युएटमधे दुसरा भाग असाच उघडतो. आधी नुसता सांगाडा वाजवा, नोट्स अजिबात वाढवू नका, तो न अडखळता आला की मगच मधल्या जागा भरा.

नावं पाठ करण्याच्या मागे लागू नका. फोन्ते आणि तसल्याच मोन्ते, पोन्ते या तुकड्यांची नावं योसेफ रीपेल या थिअरीवाल्याने १७५० च्या दशकात दिली, प्रिनर हे तर जर्डिंगनने ठेवलेलं नाव, नेपल्सच्या पोरांना ते माहितही नव्हतं. असे लोक बघितलेत ज्यांना वीस नमुन्यांची नावं येतात आणि एफ मेजरमधे एक प्रिनर वाजवता येत नाही. एक नमुना, सगळ्या पट्ट्या, मग पुढचा. आणि वाजवताना वरची ओळ तोंडाने गा, सरगममधे, हे मी सगळ्यात वरती ठेवीन.

साहित्य इंटरनेटवर फुकट आहे, जुनी हस्तलिखितं आणि नवीन टाईप केलेली दोन्ही. नेपल्सचाच मास्तर जोव्हान्नी फुर्नोपासून सुरवात करा, ऑपेरावाला बेल्लिनी त्याच्याकडे शिकला, धडे छोटे आणि सरळ आहेत. मग फेनारोली, हाही तिथलाच मास्तर, त्याच्यात बेसवरचे आकडे पुढे गायब होतात आणि शेवटी फ्यूग (एकच सुरावट एकामागून एक वेगवेगळ्या ओळींत येते अशा रचना) येतात. दुरान्ते सगळ्यात नंतर, तिथे बेस स्वतःच इतका नखरेल आहे की आधीचं पक्कं नसेल तर हात नुसते थांबून राहतात.