स्टेअरिंग थरथरतंय? खिसा रिकामा करण्याआधी या चुका टाळा

गेल्या उसाच्या हंगामात आमची २००४ची मारुती झेन कागलकडे जाताना ताशी नव्वदीला थरथरायला लागली. ऐंशीच्या आत एकदम शहाणी, वर गेली की स्टेअरिंग हातात नाचायचं. मी लगेच अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून आणले. फरक नाही, म्हणून पुन्हा दुसरीकडून. मग टाय रॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारे सांधे, बदलले. थरथर होती तिथंच.

शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका जुन्या मेस्त्रींनी पुढचं चाक खोलून पालथं केलं आणि स्क्रू ड्रायव्हरनं रिमच्या आतून वाळलेल्या काळ्या चिखलाचं ढेकूळ खरवडून काढलं. कळ्याकडच्या गुऱ्हाळावर गेलो होतो, तिथला माल. "गुळाबरोबर रानपण आणलंयसा की!" म्हणाले.

ढेकूळभर मातीनं एवढं होतं? होतं. १३ इंची रिमवर नुसतं २० ग्रॅम वजन एका बाजूला जास्त असलं, तरी नव्वदीला ते सुमारे तीन किलोच्या जोरानं चाक ओढतं, तेही सेकंदाला जवळपास १५ वेळा. अलाइनमेंट यावर औषधच नाही. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एका कडेनं झिजत असेल, तर अलाइनमेंट. थरथरीसाठी आधी चाकं आतून धुवा, मग बॅलन्सिंग, म्हणजे रिमला छोटी वजनं लावून चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं. चिखलासकट बॅलन्सिंग केलंत तर चिखल गळाला की पुन्हा तेच.

त्याआधी थरथर नक्की कधी येते ते बघा. मेस्त्रीला "गाडी हलतीया" एवढंच सांगितलं की तो अंदाजानं पार्ट बदलत बसतो. ऐंशी ते शंभरमध्येच येत असेल तर बहुधा बॅलन्सिंग. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर ब्रेकची डिस्क बघा. तीस-चाळीसलाच चाक डुलत असेल तर रिम वाकलाय किंवा टायरला फुगा आलाय. फुगा दिसला तर त्या टायरवर हायवेला जाऊच नका. ॲक्सिलरेटर दाबल्यावरच हादरत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, आतला जॉइंट.

एक फुकटातली परीक्षा: पुढची चाकं मागं टाका. थरथर स्टेअरिंगमधून सीटखाली गेली, तर दोष चाकातच.

तसं नसेल तर मग ढिलेपणा शोधायचा. सपाट जागेवर, गाडी जॅकवर उचलून आणि खाली स्टँडही लावून, चाक वर-खाली धरून हलवा. खटका आला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खटका गेला तर बहुधा बेअरिंगच. डावी-उजवीकडे धरल्यावरच हलत असेल तर टाय रॉड किंवा स्टेअरिंगचा रॅक. लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बूश मात्र हातानं कळत नाहीत, पहारीनं उचकून बघावे लागतात.

चाकाची नटं एका ओळीनं गनवर (नट आवळायच्या मशीनवर) करकचून आवळणं हीसुद्धा चूकच. समोरासमोरची नटं थोडी थोडी आवळत जा, नाहीतर चाक तिरकं बसतं आणि पुढं डिस्कही बिघडते. बाहेरून अलॉय रिम घातले असतील तर मधलं भोक हबवर (चाक ज्यावर बसतं त्यावर) नेमकं बसतंय का ते बघा. मोठं असेल तर रिंग लागते.

आणि बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं लावण्याआधी रिम कापडानं पुसून घ्यायला लावा. नाहीतर ती दुसऱ्याच दिवशी तावडे हॉटेलच्या चौकात पडलेली असतात.