क्वेंकात राहून काम करायचं असेल तर

आईला नकाशात इक्वेडोर दाखवलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "पाणी कसंय तिथलं?" आम्ही उदगीरचे. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते दिवस आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही. म्हणून दक्षिण अमेरिकेत राहून लॅपटॉपवर काम करायचं ठरलं तेव्हा मीही गाव तसंच निवडलं. आधी पाणी, मग लाईट, मग बाकीचं. आपल्याकडची पोरं आता अशी चौकशी करायला लागलीत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

क्वेंका हे इक्वेडोरच्या दक्षिण डोंगराळ भागातलं, आसपासची गावं धरून साधारण 6 लाख वस्तीचं शहर. राजधानी कीतो, मोठं बंदर ग्वायाकील, आणि हे त्यांच्या मागचं तिसरं. गावाच्या पूर्ण नावातच 'चार नद्यांचं क्वेंका' असं येतं, आणि तोमेबांबा नदी जुन्या गावाच्या पायथ्याशी वाहते. नळाचं पाणी लोक थेट पितात. मीही पहिल्या आठवड्यापासून प्यायले, काही झालं नाही. 2021 मध्ये तिथल्या लोकांनी मतदान करून नद्यांच्या उगमाजवळ मोठ्या खाणी नकोत असा कौल दिला, शेकडा 80 च्या वर मतं त्या बाजूनं पडली. हे वाचलं त्याच दिवशी माझं गाव ठरलं.

दुसरं कारण घड्याळ. मी अमेरिकेतल्या दवाखान्यांचे हिशेब सांभाळते. उदगीरला असताना संध्याकाळी साडेसहाला बसायचं आणि रात्री अडीचला उठायचं, थंडीत तर साडेतीन. पाच वर्षं असं काढल्यावर तब्येतीनं दगा दिला. क्वेंका भारताच्या साडेदहा तास मागे आहे. न्यूयॉर्कशी तुलना केली तर थंडीत घड्याळ सारखंच, उन्हाळ्यात एका तासाचा फरक. म्हणजे सकाळी आठ-नऊला कामाला बसायचं आणि दिवस मावळायच्या आत मोकळं. पण तुमची कंपनी पुण्याची असेल आणि वेळ भारतातलीच पाळायची असेल, तर तिथं तुम्हाला रात्री अकरा ते सकाळी आठ बसावं लागेल. त्यासाठी कशाला इतक्या लांब जायचं?

आता कागद. भारतीय पासपोर्टला 2019 पासून पर्यटनासाठीही आधी व्हिसा लागतो, तो तिथं उतरल्यावर मिळत नाही. राहून काम करायचं तर दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी 2 वर्षांचा वेगळा व्हिसा आहे. त्यासाठी महिन्याची कमाई तिथल्या किमान पगाराच्या तिप्पट दाखवावी लागते. मी गेले त्या 2024 सालात किमान पगार 460 डॉलर होता, म्हणजे 1380 डॉलर. कमाई परदेशातून येते याचे कागद, आरोग्य विमा आणि पोलिसांचा दाखला लागतो. दाखल्यावर आधी अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, आणि मग स्पॅनिश भाषांतर, याच क्रमानं करा. यात माझे दोन महिने गेले, कारण एका एजंटानं आधी भाषांतर करून घेतलं आणि अपोस्टिलचा शिक्का तसाच इंग्रजीत राहिला. सगळं परत करावं लागलं. दोन्ही देशांतल्या कराचं मात्र निघण्याआधीच सीएशी बोलून घ्या. किती दिवस कुठं राहिलात यावर ते ठरतं, आणि ते मागून दुरुस्त होत नाही.

विमान अमेरिकेवरून घेऊ नका. नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. युरोपमार्गे ग्वायाकील गाठा. तिथून क्वेंकाची बस साधारण चार तासांची, पण ती काहास राष्ट्रीय उद्यानातून 4000 मीटरच्या वर चढून मग खाली उतरते. पोटात थोडं काहीतरी असू द्या आणि पाणी पीत राहा. क्वेंका स्वतः 2500 मीटरच्या वर आहे, आपल्या कळसूबाईपेक्षा जवळजवळ 900 मीटर उंच. पहिले चार दिवस जिना चढताना धाप लागते. त्या आठवड्यात कामाची मोठी तारीख अंगावर घेऊ नका.

लाईटचं मात्र नीट ऐका, कारण मी तिथंच अडकले. इक्वेडोरची बरीचशी वीज पाण्यावर होते, आणि मोठी धरणं क्वेंकाजवळच्याच पाउते नदीवर आहेत. 2024 मध्ये पाऊस ओढला, तोमेबांबाचे दगड उघडे पडले आणि सप्टेंबरपासून देशभर भारनियमन सुरू झालं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात काही भागात दिवसाला 14 तासांपर्यंत लाईट नव्हती. नद्यांच्या गावात दुष्काळ पाहताना माझा जीव तुटायचा. शेजारीण रोज पुलावर जाऊन पाणी किती उरलंय ते बघून यायची, आपल्याकडे मांजऱ्यावर जातात तशी.

पण भारनियमनात काम कसं करायचं हे मराठवाड्याच्या माणसाला कुणी शिकवायला नको. तिथल्या लोकांना त्याची आपल्याइतकी सवय नव्हती. मी उदगीरहून राउटरला लावायचा 12 व्होल्टचा छोटा यूपीएस नेला होता, त्यानं माझी नोकरी वाचवली. घरातली लाईट गेली तरी फायबरचं नेट बरेचदा चालू राहतं, फक्त राउटरला वीज हवी. मोबाईलच्या टॉवरची बॅटरी दोन-तीन तासांत उतरते, त्याच्यावर विसंबू नका. वेळापत्रक आधी जाहीर व्हायचं. ते मी रविवारीच कामाच्या माणसांना पाठवायचे, मिटिंगा त्याप्रमाणे लागायच्या. घर बघताना मालकाला दोनच गोष्टी विचारा, इमारतीला जनरेटर आहे का आणि राउटर कुठं बसवलाय. मी फर्निचरसह दोन खोल्यांचे 400 डॉलर द्यायचे.

तिथं वीज 110-120 व्होल्टची आहे. लॅपटॉप-मोबाईलचे चार्जर चालतात, चपट्या पिनांचा प्लग घ्या. आपला मिक्सर आणि इस्त्री नेऊ नका, चालणार नाहीत. कुकर मात्र न्याच. त्या उंचीवर पाणी 92 अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही.

खाण्यापिण्यात मी सुखी होते. मसूर कुठंही मिळते. किनाऱ्याकडून 'फ्रेहोल दे पालो' येतं, ते म्हणजे आपली तूरच, बहुतेकदा ओले दाणे. बाजारात ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी शेंग सोलून वास घेत उभी राहिले. शेंगदाणे भरपूर, त्यामुळे चटणी होते. मक्याच्या पिठाची भाकरी गरम पाण्यात उकड काढली तर थापता येते. 'पनेला' म्हणजे उसाचा गूळ, ढेपेत मिळतो. हिंग, हळद, गोडा मसाला घरून न्या. शाकाहारी असाल तर 'कार्ने नको' एवढं म्हणून भागत नाही. कार्ने म्हणजे त्यांच्या बोलण्यात बहुतेकदा गाई-डुकराचं मांस, कोंबडी त्यात धरत नाहीत. कोंबडी वेगळी सांगा आणि सूपचं पाणी कशाचं आहे ते विचारा.

भाषा तीन महिने आधी सुरू करा. त्यांचे त आणि द आपल्यासारखेच दाताला जीभ लावून आहेत, इंग्रजी बोलणाऱ्यांना जे जमत नाही ते आपल्याला पहिल्या दिवशी जमतं. दुकानात शिरताच 'बुएनोस दियास' म्हणा, न म्हणता वस्तू मागितली तर माणूस दुखावतो. शेजारच्या दुकानदाराला 'वेसी' म्हणतात, म्हणजे शेजारी. थंडी वाजली की तोंडातून 'अचाचाय!' निघतं, तो मूळचा किचवा, म्हणजे तिथल्या डोंगरातल्या मूळ लोकांच्या भाषेतला शब्द. बाजारात एकाच बाईकडून नेहमी घेत गेलात की ती तुम्हाला 'कासेरिता' म्हणायला लागते आणि वजन झाल्यावर वरून मूठभर टाकते, त्याला 'यापा' म्हणतात. आपल्याकडे भाजीवाली मावशी कोथिंबीर टाकते, तसंच. मी आजारी पडले तेव्हा माझ्या भाजीवालीनं मुलाच्या हातानं घरी सूप पाठवलं होतं. अशी माणसं जोडायला दोन महिने लागतात, म्हणून दर महिन्याला गाव बदलत फिरू नका.

पैसा 2000 पासून अमेरिकी डॉलरच आहे. 50 आणि 100 ची नोट दुकानदार घेत नाही, 20 च्या नोटेलाही कुरकुर होते. सुटे ठेवा. 2024 च्या जानेवारीत सरकारनं टोळ्यांविरुद्ध देशांतर्गत सशस्त्र संघर्ष जाहीर केला. हिंसाचार जास्त करून किनाऱ्याकडच्या शहरांत होता, क्वेंका त्या मानानं शांत राहिलं. तरी अंधार पडल्यावर मी पायी फिरले नाही, टॅक्सी फोन करूनच बोलावली. एकट्या बाईनं ग्वायाकीलला रात्री उतरू नये, दिवसाचंच विमान बघा.

आईला फोन रोज संध्याकाळी साडेसातला. तिकडे सकाळचे सहा, ती अंगणात सडा टाकत असायची.

जाण्याच्या किमान 10 दिवस आधी यलो फीवरची लस घ्या. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते, नंबर आधी लावा. पिवळं कार्ड जाताना कुणी मागो न मागो, परत येताना मुंबईला मागतात. नसेल तर 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. मी ते पासपोर्टच्या आतच ठेवलं होतं, दोन मिनिटांत बाहेर पडले. बॅगेत पनेलाची एक ढेप होती. आईनं खडा तोंडात टाकला, जरा वेळ चघळला आणि म्हणाली, "ह्यांचा ऊस पाण्यावरचा दिसतो."